बादलीतली अंडी

३ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार या पत्रात नाही. राग उतरला तर पुढच्या पत्रात दोन घालीन.

फोन केला की तू "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतोस. एवढी गिऱ्हाइकं खरंच येत असती तर आतापर्यंत तुझा दुमजली बंगला उठला असता. म्हणून लिहितेय. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, कारण पुढे काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय तुला राहवणार नाही. झाकलेलं उघडून बघायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे.

रविवारी मी घरी आले तेव्हा उबवणीच्या खोलीमागे, नळाशेजारी, निळी बादली दिसली. मला वाटलं नुसती टरफलं आहेत. हात धुवायला वाकले आणि बादलीतून आवाज आला. बारीक, घशातल्या घशात. वरची टरफलं बाजूला केली तर खाली बदकांची अख्खी अंडी, अजून कोमट. प्रत्येकाला एकेक टवका पडलेला आणि टवक्यातून चोचीचं टोक. एक चोच उघडत होती, मिटत होती. मी तुला ओरडून बोलावलं. तू ट्रे घासत होतास. मान वर न करता म्हणालास, "ती उरलेली. खेप निघाली, ट्रे रिकामे करायला नकोत?"

मी म्हटलं, "दादा, जिवंत आहेत."

तू म्हणालास, "संध्याकाळपर्यंत नसतील."

हे वाक्य मी बसमधून इथपर्यंत घेऊन आले आणि अजून खाली ठेवता येत नाहीये. शाळेत सध्या अंड्याचाच धडा चालू आहे. फळ्यावर चित्र काढलं. बलक, हवेची पोकळी, पिल्लाची मान. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पिल्लू आतच अडकलं तर?" या घरातली पहिली पदवीधर, जीवशास्त्राची शिक्षिका, फळा पुसायला लागली. कारण खरं उत्तर होतं, "माझा भाऊ ते बादलीत टाकतो."

अप्पांचा नियम आहे असं सांगू नकोस. मी त्याच खोलीत, त्याच मशीनच्या उबेला पाय पसरून अभ्यास केलाय. अप्पांच्या वेळी बादलीचा तळ झाकला तर झाकला. आता ती काठोकाठ असते.

ज्या पिल्लानं टवका पाडला ते जगायला निघालंय. त्याला हात द्यायचा, एवढी साधी गोष्ट आहे. कोमट पाणी, स्वच्छ कापूस. पापुद्रा भिजवायचा, नखानं टरफल सोडवायचं आणि पिल्लू बाहेर काढायचं. आपल्या धाकटीला, बारकीला सांग. तिचे हात हलके आहेत आणि काळीजही जागेवर आहे.

तुझी बहीण

—

१० फेब्रुवारी

चि. बाईसाहेबांस,

आशीर्वाद. ते मी रागाच्या भरात कापून घेत नाही.

पत्र मिळालं. बारकीनं माझ्या आधी उघडलं, म्हणजे खोड फक्त माझी नाही, घराण्याची आहे. तुझं वाचून तिला स्फुरण चढलं. मी बाजारात गेलो असताना तिनं मशीनमधून टवका पडलेली तीन अंडी काढली आणि तू लिहिलंस तसं केलं. कोमट पाणी, कापूस, नख. तिन्ही सोलली. तिन्हींना रक्त आलं. पोटाला बलक तसाच लोंबत होता. मी आलो तेव्हा पोरगी टॉवेलात पिल्लं घेऊन भिंतीला टेकून बसलेली, आणि अप्पा तिला विचारत होते की कुणाला लागलंय.

तुझ्या फळ्यावरच्या चित्रात रक्त दाखवतात का? नसतील दाखवत. खडू पांढरा असतो.

तर बाईसाहेब, तुझ्या पत्रानं तीन मारली. माझ्या बादलीला नावं ठेवायच्या आधी तेवढं ध्यानात घे.

मी काही जन्मतः कसाई नाही. हे सगळं मी करून बसलोय. तू वसतिगृहात होतीस तेव्हा. हातानं काढलेली पिल्लं पाय फाकून बसतात, आठवड्यात माना टाकतात. नाही टाकल्या तर गिऱ्हाईक परत आणून माझ्या तोंडावर मारतं. ज्याला स्वतः बाहेर येता येत नाही त्याला बाहेरही जगता येत नाही, एवढं मी शिकलो. पदवी नसताना.

आणि हे फक्त बदकांचं नाही. आता विषय काढतोच. बारकी गणितात गेली हे तुला माहीत आहे. पुन्हा बसायचं म्हणते. जनावरांची डॉक्टर व्हायचंय म्हणे. मी म्हटलं, पुरे. शिकवणी बंद, मशीनची खोली सांभाळ. रडली. अप्पाही तेच म्हणाले, मोठीला कुणी हात दिला होता? स्वतःच्या जिवावर निघाली, पहिल्या फटक्यात. जी निघायची ती निघते. तुझंच उदाहरण आहे, त्यामुळे तुला पटायला हरकत नसावी.

गिऱ्हाईक आलंय. खरंच आलंय.

दादा

—

१४ फेब्रुवारी

दादा,

त्या तीन पिल्लांचं वाचून मी जेवले नाही. मी घाईत लिहिलं. टवका पडल्यावर पिल्लू दिवसभर, कधी त्याहून जास्त, गप्प पडून असतं. ते थकलेलं नसतं, आळशी नसतं. टरफलाच्या आतल्या शिरांमधलं रक्त ते अंगात ओढून घेत असतं, बलक पोटात घेत असतं. तेवढ्यात सोललं तर आपण जिवंत नस तोडतो. हे मला ठाऊक होतं, पण रागात ते शाईत उतरलं नाही. बारकीला सांग, चूक तिच्या हातांची नव्हती. आता नीट लिहिते. एक दिवस उलटून गेला, पिल्लू आतून ओरडतंय पण टवका मोठा होत नाही, आणि पापुद्रा पांढरा ओला न राहता पिवळट कागदासारखा सुकलाय, तरच हात लावायचा. आधी भिजवायचं. एक कपची काढायची. रक्ताची रेघ दिसली की हात मागे. थांबायचं, पुन्हा बघायचं. अर्ध्याच्या वर काढायचं नाही. शेवटची लाथ त्याचीच त्याला मारू द्यायची.

हे झालं बदकांचं. आता माझं.

मला कुणी हात दिला होता? हे तू विचारतोस? तू?

मी गणितात नापास झाले होते, दादा. निकालाचा कागद घेऊन मी नळाशेजारी बसले होते, जिथे आता तुझी बादली असते. तू कागद बघितलास, घडी केलीस, खिशात घातलास आणि आत जाऊन अप्पांना म्हणालास, "निकाल राखून ठेवलाय. शाळेचा घोळ आहे." तुला खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. इतकं वाईट बोललास की फक्त ऐकू कमी येणाऱ्या माणसालाच पटावं. पुरवणी परीक्षेला मला सायकलवरून कोण घेऊन गेलं? पुढच्या दांडीवर मी, मागे अंड्यांची टोपली, म्हणजे कुणी विचारलं तर बाजाराला निघालोय असं सांगता यावं. माझ्या वाटणीचे ट्रे वर्षभर कुणी घासले?

माझं टरफल तूच सोडवलंस. एकेक कपची, थांबून थांबून, रक्त न काढता. आणि आता हात धुऊन, पुसून, बारकीसमोर उभा राहून सांगतोस की मोठी स्वतःच्या जिवावर निघाली? माझ्या नावाची काठी करून तिच्या पाठीत घालतोस?

मला माहीत आहे तुला हे विसरायला का आवडतं. अप्पांना झटका आला आणि तुझी शाळा सुटली, तेव्हा तुझ्यासाठी खोटं बोलायला कुणी नव्हतं. दांडीवर बसवायला कुणी नव्हतं. हात दिल्यानं माणूस निघतो हे मान्य केलं तर तुझ्या वेळचा हात कुठे होता, हे विचारावं लागतं. ते विचारण्यापेक्षा "निघायची ती निघतात" सोपं.

बारकीला खरं सांग. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन अप्पांच्या कानाशी ओरडून सांगेन, शेजारच्या गल्लीलाही ऐकू जाईल.

नमस्कार अजून नाहीत.

तुझी बहीण

—

२६ फेब्रुवारी

ताई,

मी बारकी. दादा लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय.

तुझं पत्र त्यानं अंगणात उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग खिशात घातलं आणि दोन दिवस फक्त बदकांशी बोलला. अप्पांनी विचारलं, "मोठीचं काय लिहिलंय?" तर म्हणाला, "शिव्या." अप्पा म्हणाले, "म्हणजे बरी आहे."

तिसऱ्या दिवशी मी ट्रे घासत होते. तो मागून आला आणि एका दमात म्हणाला, "तुझी ताई गणितात नापास झाली होती. तुला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त आहेत. आता जाऊन पाणी तापव." आणि निघून गेला.

मी पाणी तापवलं नाही.

ताई, तुला वाटत असेल मला आनंद झाला. मला इतका राग आला की ट्रे फेकला. दादावर आलाच, पण तुझ्यावर जास्त आला. इतकी वर्षं या घरात उठता बसता तुझे गोडवे. "ताईनं पहिल्या फटक्यात काढलं." "ताईला कधी उठवावं लागलं नाही." निकालाच्या दिवशी मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे, तुम्ही सगळे एका मातीचे आणि मी वेगळ्या. तू घरी यायचीस, माझं पुस्तक चाळायचीस आणि म्हणायचीस, "मन लावून कर." तेवढ्यात एकदा म्हणाली असतीस, "मीही गेले होते गं." एकच वाक्य. बसायला आणि बोलायला तुला वेळ होता, बादलीसाठी ओरडायलाही वेळ होता.

ते असो. राग पुढच्या भेटीत तोंडावर काढीन.

दोन गोष्टी सांगायच्यात. एक, तुझ्या दुसऱ्या पत्राप्रमाणे मी एक पिल्लू काढलं. भिजवलं, थांबले, रेघ दिसली, हात मागे घेतला. शेवटची लाथ त्यानंच मारली. उजव्या पायाचं बोट वाकडं आहे, पण खातंय. दादा त्याच्याकडे बघत नाही असं दाखवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, इतकी पिल्लं अडकतात का, हे मला कळलंय असं वाटतं. बरोबर आहे का सांग. अप्पांच्या वेळी शेवटच्या तीन दिवसांत मशीनचं दार उघडायचे नाहीत. दादाला राहवत नाही. येता जाता दार उघडतो, आत डोकं घालतो, मोजतो, बंद करतो. चहा पिऊन आला की उघडतो. गिऱ्हाईक आलं की त्याला दाखवायला उघडतो. मी विचारलं तर म्हणाला, "काळजी वाटते." उघडलं की भसकन वाफ बाहेर येते, माझा चष्मा भरतो. मग आत काय उरत असेल?

मी अभ्यासाला बसले की माझ्या खोलीचंही असंच करत होता. दार उघडून, "झालं का? समजतंय ना?" आणि मी समजत असलेलंही विसरायचे.

परीक्षेच्या फॉर्मबद्दल विचारलं तर "बघू" म्हणाला. महिनाअखेरची मुदत होती ती पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाढलीय.

बारकी

—

२ मार्च

दादा,

हे पत्र बारकीलाही वाचायला दे. तसंही ती आधी उघडणारच.

बारकी, तू रागावलीस ते बरोबर आहे. ते गोडवे मला आवडायचे. घरात पाऊल टाकलं की अप्पा शेजाऱ्यांना हाक मारायचे, मी मान खाली घालून उभी राहायचे आणि आतून फुलायचे. तुझ्या पाठीवर ते ओझं होतंय हे मी बघितलं नाही. तोंडावर जे बोलायचंय ते बोल, मी ऐकून घेईन.

आणि तू शोधलंस ते शंभर टक्के खरं आहे.

दादा, आता तू ऐक, आणि या वेळी मी ओरडून सांगतेय असं समज. मशीनचं दार उघडणं बंद कर! शेवटचे तीन दिवस आतली हवा दमट राहावीच लागते. तू दार उघडतोस तशी वाफ निघून जाते आणि आत कोरडी हवा शिरते. एका पिल्लानं टवका पाडलेला असतो, त्याचा ओला पापुद्रा त्या हवेनं सुकतो आणि त्याच्याच अंगाला आवळून चिकटतो. मग ते वळू शकत नाही. मान हलवता येत नाही तर टरफल कापणार कसं? ती पिल्लं कमजोर नव्हती रे. आपण त्यांना सुकवलं. काळजीनं सुकवलं, आणि मग म्हटलं, "ज्याला येत नाही त्याला येत नाही," आणि बादलीत टाकलं.

पहिल्या पत्रात मी तुला दगड समजत होते. आता जास्त राग येतोय, कारण तू दगड नाहीस. दगड असतास तर दहा वेळा दार उघडलं नसतंस. कठोर माणसाचं सोंग तुला झेपत नाही, दादा. मदत करायची नाही म्हणतोस आणि दारातून हलतही नाहीस. यातलं एक काहीतरी कर. हात दे, नाहीतर सुखानं बाहेर यायला त्यांना मोकळं सोड. नुसतं उघडून बघणं ही मदत नाही.

बारकीच्या खोलीचं दारही यातच आलं.

फॉर्म भर.

ताई

—

१९ मार्च

दादा,

दोन आठवडे उत्तर नाही. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. बारकीही लिहीत नाही. माझ्या खोलीत टेबल नाही, घरमालकिणीच्या शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवून हे लिहितेय आणि पेन कागदातून आरपार जातंय.

मुदत महिनाअखेरची आहे. तू फॉर्म भरला नाहीस तर मी रजा काढून येते आणि भरते. मग अंगणात तमाशा होईल. मी तमाशाला घाबरत नाही, हे तुला ठाऊक आहे. तूच शिकवलंयस.

नमस्कार नाहीतच.

—

२० एप्रिल

चि. बाईसाहेब,

आशीर्वाद.

फोन बिघडला होता. दुरुस्त केला नाही. मुद्दाम. घरात तुझा आवाज पत्रातूनच पुरेसा येतो.

फॉर्म तुझं ते शेवटचं पत्र यायच्या आधीच भरला होता. महिनाअखेरीला तू आली नाहीस, म्हणजे रजा मिळाली नसावी; नाहीतर तमाशा फुकट गेला असता. सांगितलं नाही, कारण तू आज्ञा केल्यावर भरला असं तुला वाटलं असतं, आणि ते मला चाललं नसतं. बारकीलाही लिहू दिलं नाही. तिला म्हटलं, अभ्यास कर, बहिणीला रागावू दे जरा, तिची तब्येत रागानं चांगली राहते.

आता मशीनचं. मागच्या खेपेला दार उघडलं नाही. बारकीनं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवून बसली, माझ्याच घरात. मी खोलीभर फेऱ्या मारल्या. अप्पा म्हणाले, "अरे, बायको बाळंत होत असती तर एवढ्या फेऱ्या शोभल्या असत्या. आधी लग्न तरी कर." एक गिऱ्हाईक बघायला मागत होतं, त्याला बारकी म्हणाली, "काका, तुम्ही अंघोळ करताना कुणी दार उघडलं तर चालेल का?" गिऱ्हाईक निमूट बाहेर बसलं.

चौथ्या दिवशी तिनं कुलूप काढलं. मी आत बघितलं आणि मोजायचं विसरलो. ट्रे भरून पिवळं. एकमेकांच्या पाठीवर चढलेली, ओली, सुकलेली, बोंबलणारी. इतकी पिल्लं मी अप्पांचा हात चालत होता तेव्हाच बघितली होती.

बादली रिकामी होती असं लिहिणार नाही. तळाशी काही होती, त्यांना टवकाच पडला नव्हता. दोन अडकली. ती मी काढली. बारकीनं नाही, मी. एक अर्ध्यात गेलं. थांबलो होतो, घाई केली नव्हती, तरी गेलं. दुसरं आहे. तुझं ते वाकड्या बोटाचं आणि हे, दोघं मिळून अप्पांच्या चपलेत झोपतात. बारकी म्हणते, "बघ, चालतंय." मी म्हटलं, "चालत नाही, लंगडतं." ती म्हणाली, "मग लंगडतंय, पण कुठेतरी जातंय ना?" हिला वकील करायला हवं होतं.

अप्पांना सांगितलं. तू ओरडायच्या आधी मीच सांगितलं, कानाशी. नापास, निकाल राखून ठेवल्याचा घोळ, सायकल, टोपली, सगळं. ते चपलेतल्या पिल्लांना दाणे टाकत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "तरीच त्या दिवशी टोपलीतली अंडी तशीच परत आली होती." म्हणजे म्हाताऱ्याला तेव्हाच संशय आला होता. आणि आपण इतकी वर्षं हळू आवाजात बोलत होतो.

एक गोष्ट मी विसरणार नाही. माझ्या वेळी कुणी नव्हतं, असं तू लिहिलंस. खोटं असतं तर मी हसलो असतो. मनात असलेली गोष्ट माणूस मनात ठेवतो, तू ती कागदावर लिहून घरी पाठवलीस, आणि ती बारकीनं माझ्या आधी वाचली. त्या दिवसापासून ती माझ्या ताटात भाजी जास्त वाढते. मला ते आवडत नाही. तिला सांग, थांबव म्हणावं. मी सांगितलं तर ऐकत नाही.

परवा तिचा पेपर. सायकल नाही, टेम्पो आहे. पुढे बसेल, ऐटीत. टोपली नेणार नाही, आता कुणाला फसवायचं नाहीये.

आणि तुला कधी सांगितलं नव्हतं ते सांगतो, म्हणजे हिशेब चुकता होईल. तुझ्या पेपरच्या दिवशी मी बाजाराला गेलोच नव्हतो. खिडकीखाली विटा रचून आत बघत होतो, तू लिहितेस की बसून आहेस. शिपायानं दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा विटाच उचलून नेल्या. तू तेव्हा पेन चावत होतीस आणि मला वाटलं, झालं, गेली.

या वेळी बघणार नाही. बारकीनं शपथ घातलीय. तिला फाटकात सोडीन आणि सरळ घरी येईन.

थांबलोच, तर खिडकीकडे पाठ करून.

दादा